चंद्राबाईंचं विरजण

३ नोव्हेंबर, सोमवार

कासार आंबोलीला आलो आणि चक्क आवडलं. बाणेरच्या त्या बिनखिडकीच्या लॅबमध्ये सहा वर्षं काढल्यावर खिडकीतून डोंगर दिसणं ही चैनच म्हणायची. बहिरू नावाच्या शेतकऱ्याच्या घरामागची खोली भाड्याने मिळाली. भिंती विटांच्या, वर पत्रा, दार मात्र जुन्या सागवानाचं, दोन बोटं जाड. बहिरूंनी ते मला तीनदा उघडून-मिटून दाखवलं. त्यांच्या आज्याने केलेलं आहे म्हणे. खोलीचं काय वाटेल ते करा, पण दाराला जपा, असं बजावून गेले. मी हो म्हटलं. दाराला जपण्यासारखं काय असतं देव जाणे.

ही वही दिशाने दिली. हातकागदाची, जाडजूड. पहिल्या पानावर तिने घर काढलंय, मागे दोन डोंगर आणि दारात आम्ही दोघं. वय सात, पण हुकूम सोडण्यात आईवर, गौतमीवर गेलीय. बाबाने रोज लिहायचं आणि ती आली की तपासणार. कोर्टाने महिन्यातला दुसरा शनिवार मला दिलाय. डिसेंबरपासून ती माझ्याकडे मुक्कामालाही येऊ शकते, फक्त मला धड नोकरी आणि धड घर हवं. दोन्ही आजपासून आहेत. तेरा डिसेंबरला दिशा या खोलीत झोपणार. बाकी जगाने आपापलं बघावं.

५ नोव्हेंबर, बुधवार

कारखाना म्हणजे डोंगराच्या पायथ्याला दोन शेड आणि चार टाक्या. भरे गावच्या शेतांतून हत्तीगवत येतं. त्याची कुट्टी होते, ती वाफेवर शिजते, मग टाकीत एन्झाइम घालायचं. गवताच्या काडीत साखर ठासून भरलेली असते, पण ती सुटी होत नाही. ती सुटी करणं हे एन्झाइमचं काम. एकदा साखरपाणी झालं की त्याचं इंधन करणं फारसं अवघड नाही. अडतं ते इथेच. शंभरातले फार तर एकसष्ट भाग साखर सुटते, बाकीची चोथ्यात अडकून बसते. आमच्या मालकांना, अभय यांना, पंच्याऐंशी हवेत. पाच डिसेंबरला दिल्लीहून तेल कंपनीचे लोक बघायला येणार आहेत. आकडा दिसला तर कारखाना चालेल, नाही तर कुलूप. कुलूप म्हणजे माझी नोकरी गेली, आणि नोकरी गेली की तेरा तारीखही गेली.

माणसं मठ्ठ आहेत. मी आत आलो की गप्प होतात. टाक्या धुणारी चंद्राबाई म्हणून एक साठीची बाई आहे, ती तर बघतसुद्धा नाही. तिच्या उजव्या हाताला कायम दुधाची रिकामी पिशवी, मनगटाला नायलॉनच्या दोरीने आवळलेली, आत गवत कोंबलेलं. विचारलं तर म्हणाली, जखम हाय. जखमेत गवत कोण भरतं? शेळीला चोरून नेत असणार.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज दुसरा शनिवार. गौतमीला फोन करून सांगितलं की ताप आहे, दिशाला भेटायला मारुंजीला येऊ शकत नाही. ताप नव्हता. दोन नंबरची टाकी ऐन भरात होती आणि मला ती सोडवेना. गौतमी म्हणाली, मार्चमध्ये ताप, जूनमध्ये पंक्चर, ऑगस्टमध्ये पूल पाण्याखाली, आणि आता परत ताप, निदान कारण तरी नवीन शोध. मागून दिशा विचारत होती की बाबा वही लिहितोय का. लिहितोय म्हटलं. तेवढं तरी खरं होतं.

११ नोव्हेंबर, मंगळवार

चोर सापडला, पण चोरी भलतीच निघाली. दोन नंबरच्या टाकीत एकसष्ट येतात, बाकीच्या तिन्हींत अठ्ठेचाळीसच्या वर जात नाही. गवत तेच, एन्झाइम तेच. आज दुपारी टाकीमागे उभा राहून पाहिलं. चंद्राबाई हातावरची पिशवी सोडते, आधीच्या घाण्यातला मूठभर चोथा काढते, नव्या घाण्यात उघड्या हाताने कालवते आणि परत पिशवी बांधते. दही लावतात तसं! कोण्या बुरशीने त्या चोथ्यात घर केलंय आणि आमच्या विकतच्या एन्झाइमच्या तोंडात मारेल असं काम करतेय, आणि हे ऑफिसात कोणालाच ठाऊक नाही.

मी तोच चोथा स्टीलच्या निर्जंतुक पळीने दुसऱ्या टाकीत घातला. एकोणपन्नास. परत घातला. एकोणपन्नास. शेवटी बाईलाच विचारलं. म्हणाली, हाताचं विरजण हाय, पळीनं न्हाई लागायचं. पीएच.डी. करून हे ऐकायचं होतं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

काल शेडमध्ये कोणी नसताना मूठभर चोथा घेतला आणि कोपरापर्यंत हात घालून एक नंबरच्या टाकीत कालवला. कोमट, जरा चिकट, बाकी काही नाही.

आज चौऱ्याहत्तर.

तीनदा मोजलं. अभयना फोन केला तेव्हा माझाच आवाज चिरकला. विरजणाचं काही बोललो नाही. माझी पद्धत, एवढंच सांगितलं.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

चौऱ्याहत्तरवर अडकलंय. सोपी साखर मिळतेय तोवर ही बुरशी अवघड चोथ्याला तोंड लावणार नाही, माणसासारखीच आळशी आहे. म्हणून ताजं गवत बंद. तिने नाकारलेला चोथाच तिच्यापुढे ठेवायचा, दुसरं काही नाही. मरेल किंवा शिकेल. जी शिकेल तिचं विरजण पुढच्या टाकीला.

हे सांगत असताना चंद्राबाई सगळ्यांदेखत मधे पडली. त्याला उपाशी ठिवू नका सायेब, म्हणाली, उपाशी ऱ्हायलं की ते दुसरं खायाला शिकतंय. मी म्हटलं, अगं तेच तर हवंय. लोक हसले. ती हटेना, टाकीच्या झाकणावर हात ठेवून उभी राहिली. मग माझं डोकं फिरलं. तिच्या हातावरची पिशवी ओढून काढली आणि सांगितलं, हा गचाळपणा इथे चालणार नाही, उद्यापासून येऊ नकोस.

जखम नव्हती. तळहात ओला होता, मुठीतलं गवत अर्धं विरघळून पाक झालेलं. आणि तळहातावर एकही रेघ नव्हती. तिने पिशवी उचलली, सगळ्यांसमोर परत बांधली आणि गेली.

२२ नोव्हेंबर, शनिवार

त्र्याऐंशी. पंच्याऐंशी आता हाकेवर आहे.

खोलीत मुंग्या झाल्यात, लाल, बारीक. बहिरू म्हणतात, पाव्हणं, साखर सांडता का काय. सकाळी उठलो तर चादरीला पंज्याएवढं भोक, कडा ओल्या आणि चिकट, मुंग्यांनी भरलेल्या. गंमत म्हणून बोट जिभेला लावलं. गोड होतं.

कापूस म्हणजे तरी काय, गवताचाच भाऊ. हातावर थोडी बुरशी राहिली असेल. साबणाने धुतो.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

एक्क्याण्णव! टाकीच्या तळाशी चोथा उरलाच नाही. कठीण, तपकिरी, कोणीच खात नाही तो भागही गेला. अभय म्हणाले, पाच तारखेपर्यंत आणखी ताणा. आता तिच्यापुढे ठेवायला काही नाही, म्हणून टाकीत नुसतं पाणी ठेवलंय. रोज सकाळी हात घालून ढवळतो, नाही तर थंड पडते.

साबणाचा उपयोग नाही. लिहिताना हाताखाली प्लास्टिकची पिशवी पसरतो. टॉवेल गेला. स्टूलचा पाय गेला. दाराला मी जिथे ढकलतो तिथे पंज्याच्या आकाराचा खळगा पडलाय. बहिरूंनी तो आज पाहिला. कारखान्यातलं ॲसिड आणून आज्याचं दार जाळलं म्हणाले, आठ दिवसांत चालते व्हा. मी म्हटलं, तेरा तारखेला माझी मुलगी येतेय, त्यानंतर जातो. कडीभोवतीचं लाकूडही मऊ झालंय, ते त्यांना दाखवलं नाही.

तळहात बघायचं टाळतोय. आज पाहिला. रेघा नाहीत.

१ डिसेंबर, सोमवार

घड्याळाचा पट्टा गेला. उजव्या मनगटावर घालतो तो, चामड्याचा. चहा पिताना घड्याळ गळून बशीत पडलं. मनगटावर पट्ट्याच्या जागी नुसता पाक.

चामडं हे गवत नव्हे. चामड्यात ती साखरच नसते. दिवसभर स्वतःला हेच सांगत बसलो. मग कोल्हापुरी चप्पल काढली आणि तिच्यावर हात ठेवला. चहा निवायला जेवढा वेळ लागतो तेवढ्यात —

चामडं म्हणजे कातडंच.

रबरी हातमोजा घातलाय. तो टिकतोय.

३ डिसेंबर, बुधवार

चंद्राबाईंच्या घरी गेलो. आज पहिल्यांदा त्यांना अहो-जाहो केलं, बरोबर पंधरा दिवस उशिरा. त्यांनी अंगणात पाऊल टाकू दिलं नाही. कुंपणापलीकडून बोलल्या, मधे नातू आला तर त्याला आत पिटाळलं.

त्यांच्या हाताला हे दोन वर्षांपासून आहे. त्या रोज सकाळी त्याच्यासाठी मूठभर गवत कापतात, घरात एखादं जित्राब असावं तसं. पोट भरलेलं असलं की ते दुसऱ्या कशाकडे बघत नाही. मी विचारलं, मग तुम्हाला कसं खात नाही? म्हणाल्या, भांड्याला विरजण खात न्हाई, दुधाला लागतंय. मी मोजा काढला, कुंपणातलं हिरवं गवत उपटून उजव्या मुठीत धरलं. बराच वेळ धरलं. कोरडंच राहिलं. ताज्या गवताची सवय मीच मोडली होती. त्यांनी ते पाहिलं आणि दोन पावलं मागे सरल्या.

मी विनवलं, यावर काही तरी सांगा. म्हणाल्या, शिकलेलं इसरत न्हाई ते. तुमीच शिकिवलं, आता तुमीच ऱ्हावा त्याच्यासंगं. आणि दार लावून घेतलं.

राग आला नाही. मी त्यांच्या जागी असतो तर कुत्रं अंगावर सोडलं असतं.

५ डिसेंबर, शुक्रवार

सत्त्याण्णव.

दिल्लीचे लोक उभे राहून बघत होते. मी हातमोजा घालूनच सगळं दाखवलं. अभय कानात म्हणाले, पाहुण्यांसमोर हे काय, काढा तो. मी खरूज झालीय म्हटलं. पाहुणे गेले आणि अभय परत धावत आले, करार झाला म्हणाले. मी तेव्हा नळावर हातमोजा धूत होतो. त्यांनी माझा उघडा हात दोन्ही हातांत धरला आणि हलवत राहिले. मला हात ओढून घ्यायला किती वेळ लागला? चार श्वास. पाच.

रुमालाने हात पुसत निघाले. रुमाल विरला, तर हसले. म्हणाले, घामाघूम केलंत राव.

मी काही बोललो नाही. बोलायला हवं होतं. नोकरी पक्की झाली होती, आणि मी गप्प बसलो.

७ डिसेंबर, रविवार

अभय दवाखान्यात. त्यांच्या मिसेसचा फोन होता. दोन्ही तळहातांची कातडी गेली, डॉक्टर जंतुसंसर्ग म्हणतात. दर तासाला चादर बदलतात तरी पलंगावर मुंग्या येतात, असं सांगताना त्या रडायला लागल्या.

कारखान्यात जाऊन चारही टाक्यांत वाफ सोडली, दुपारभर. ते मेलं. मग पातेल्यात पाणी उकळलं आणि हात घातला. दुखलं नाही. पाणी गोड झालं, बस.

आता डाव्या हाताने लिहितोय. दिशाचं पहिलं पान गेलं. वही उघडताना मोजा फाटका होता, कळलं नाही. घर, डोंगर आणि दारातली ती गेली. मी उरलोय, अर्धा.

१० डिसेंबर, बुधवार

अभय गेले. पहाटे. दवाखान्याने बंद पेटीत दिलं, ती उघडू दिली नाही म्हणे.

पिरंगुटच्या डॉक्टरांकडे गेलो होतो. दारातून पाहिलं, ते एका पोराची नाडी बघत होते, बोटांनी. तसाच मागे फिरलो. कुठेही गेलो तरी कोणीतरी हात लावणारच.

कोपराच्या वर आलंय.

बहिरूंच्या वाळल्या गवताची गंज बसली. मी फक्त तिला टेकून उभा होतो, श्वास घ्यायला. ते बायकोला घेऊन पौडला लेकीकडे निघाले. रस्त्यावरूनच ओरडले, दार गेलं तर जाऊ द्या, पण तुमी भायेर पडू नका. ते दार त्यांनी मला तीनदा दाखवलं होतं.

११ डिसेंबर, गुरुवार

गौतमीला फोन केला. दिशाला आणू नकोस. तिने विचारलं, ताप की पंक्चर?

खरं सांगितलं. सगळं. ती म्हणाली, एवढी मेहनत घेतलीस तर निदान पटेल असं तरी रचायचंस. दिशाने सोमवारपासून बॅग भरून ठेवलीय. शनिवारी दहाला आणणार, आणि या वेळी तिला तूच तोंडावर सांग.

परत लावला. कट. परत. आता लागतच नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

गवत दिलं. लाकूड दिलं. चपला, पट्टा, पाकीट, सगळं दिलं. काहीच पुरत नाही. अभयनंतर त्याची भूक वेगळीच झालीय —

मोजा विरघळला. ते रबर खायलाही शिकलं.

पळावं म्हटलं. पण रस्त्यावर माणसं आहेत. खोलीतच राहायचं. कडी लावायची. गौतमी दार वाजवेल, मी ओ देणार नाही, ती चिडेल आणि दिशाला घेऊन परत जाईल. कायमची चिडली तरी चालेल. मला बाप म्हणून कोर्टाने काढून टाकलं तरी चालेल. दिशा मारुंजीला, तिच्या घरी, अख्खी.

१३ डिसेंबर, शनिवार

रात्रीतून खांद्यावर आणि पाठीवर. पाठीवर तीळ होते तीन. आरशात नाहीत.

कडी लावलीय.

दहाला पाच कमी. गाडी आली.

हॉर्न. दिशाची हाक. ओ देत नाही. देत नाही. गौतमी गाडीतूनच ओरडली, दिसलास खिडकीत, तुझं तोंडही बघायचं नाही, उद्या सहाला नेईन —

गाडी वळतेय.

गेली. ती गेली. दिशाला सोडून —

ओरडलो. दिशा, बहिरूंच्या ओसरीवर जा, बस तिथे, इकडे येऊ नको. हसतेय. खेळ वाटतोय तिला. म्हणते वही तपासायला आलेय. दार ढकलतेय. कडी लाकडातून निघून पडली —

पाठ लावून बसलोय. वही मांडीवर. उघडू द्यायचं नाही.

ओलं लागतंय पाठीला. शर्ट नाहीये. होता ना —

दार. मी टेकलोय म्हणून दार जातंय. उठलो तर उघडेल, बसलो तर —

मुंग्या आल्या.

विचारतेय, बाबा, दाराखालून पाक कसला येतोय.

चाटू नको दिशा. मागे हो. मागे —

उजेड आला पाठीमागून. भोक. हसतेय ती. म्हणते सापडलास. भोकातून बोट आत घालून मला गुदगुल्या करणार म्हण — दिशा नको बोट काढ बो